डोळे कूपेवर, चाकं डहाणूत

कँटीनमध्ये सध्या एकच वाद रंगतोय, बसाल्ट की कर्व्ह? दोन दारांची खरी कूपे आपल्या बजेटमध्ये कुठली! पण मागे उतरत्या छपराच्या या गाड्या २०२४ मध्ये आल्या आणि एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत ‘तसा’ लूक मिळू लागला.

लूकवर भाळा, पण बॉनेटही उघडा. सिट्रोएन बसाल्ट ७.९९ लाखांपासून सुरू झाली ती ८२ पीएसच्या साध्या पेट्रोल इंजिनवर. ११० पीएसचा टर्बो हवा तर काही लाख जास्त. टाटा कर्व्हमध्ये टर्बो पेट्रोल १२० आणि १२५ पीएसचं, शिवाय डिझेलही. डहाणू स्टेशन ते कॉलेज एवढंच फिरणार असाल तर ८२ पुष्कळ झाले. चौघं बसून, एसी लावून जव्हारची चढण चढायची असेल तर टर्बोचे पैसे वसूल. तलासरीहून रोज हायवेने वापी गाठणाऱ्याने डिझेलचा हिशेब जरूर करावा. टाकी सीमेच्या कुठल्या बाजूला भरायची, हे तलासरीकराला सांगायला नको!

आता एक नावडती गोष्ट. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज होती. मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला गेलात की आधी मागे बसा. उंच मित्राचं डोकं छपराला लागतंय का, बेल्ट चटकन हाती येतो का, बघा. आणि हप्ता बाबांच्या चिकूच्या पैशातून जाणार असेल, तर त्यांनाही सोबत न्या.