मागणीचें काम

पोटासाठीं मागणीचें काम घेणारा शिल्पकार कलेला बाटवितो, असें आमच्या सुशिक्षित मंडळींत मोठ्या दिमाखानें बोललें जातें. या सोंवळ्या टीकाकारांनीं एकदां अलिबागजवळच्या सासवण्यास जावें. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचीं शिल्पें तेथें त्यांच्या घरींच मांडलेलीं आहेत. गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या कुटुंबांत ते जन्मले. पुण्यांतील छत्रपति शिवाजी महाराजांचा १९२८ मधील अश्वारूढ पुतळा हें तर मागणीचेंच काम! त्यापुढें हात जोडावयाचे आणि घडविणाऱ्यानें मोबदला घेतला म्हणून नाक मुरडावयाचें, हा कोठला न्याय? सासवण्यास त्यांची म्हैस आहे, कोळीण आहे. म्हशीचा पुतळा कोणती नगरपालिका मागते? असलीं कामें करावयास सवड हवी, आणि सवडीला पैसा लागतो.

प्रदर्शनांत वाहवा मिळते, हें खरें. पण तिनें वाण्याचें देणें फिटत नाहीं. शिवाय तेथून रिकाम्या हातीं परतणारे कोण? हेच टीकाकार, आणि त्यांच्यासमवेत आपणही. दिवाणखान्यांतील सोफ्यासाठीं आपण किंमत पाहत नाहीं. शिल्पाची किंमत कानीं पडतांच मात्र, ‘आम्ही नुसतें पाहावयास आलों होतों’ हें उत्तर ठरलेलें.