आधीं निदान, मग उपाय

बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत नांदूरघाट हें गांव आहे. तेथील एका परिचित कुटुंबांत नुकताच आमचा चार दिवस मुक्काम झाला. तीन पिढ्या एकत्र नांदणारें हें घर. आणि बैठकीच्या कोपऱ्यांत सर्वांना मिळून एकच संगणक. थोरले बंधू त्यावर शेतीचा हिशेब ठेवतात, सूनबाई शिकवणीच्या प्रश्नपत्रिका तयार करतात, मुलांचा अभ्यासही त्यावरच. परंतु यंत्र इतकें संथ झालें होतें कीं, सकाळीं कळ दाबून चहास जावें आणि परत यावें, तरी त्याचें जागें होणें चाललेलेंच असावें!

धाकट्या चिरंजिवांनीं निकाल देऊन टाकला होता : "यांतलें सगळें पुसून टाकूं, म्हणजे नव्यासारखा चालेल." त्यावर आजी एवढेंच म्हणाल्या, "अरे, ह्यांचा कुलवृत्तांत त्यांतच आहे ना?" कैलासवासी आजोबांनीं अखेरचीं वर्षें खपून टंकलेला कुलवृत्तांत त्या एकाच तबकडीवर होता, दुसरी प्रत कोठेंही नव्हती. घाईपायीं घराचा ठेवा जाण्याची वेळ आली होती. असा प्रसंग आमच्या वाचकांच्या घरींही येऊं शकेल, म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतला आहे.

पहिला नियम असा कीं, उपचारापूर्वीं प्रत काढावी. एक प्रत बाहेरच्या तबकडीवर ठेवावी आणि दुसरी निराळ्या घरीं. लेखन युनिकोडपूर्व काळांतील टंकांत असेल, तर तो टंकही जपावा. नाहींतर मराठीऐवजीं निरर्थक चिन्हें दिसतात. सवड काढून असें लेखन युनिकोडमध्यें रूपांतरित करून घ्यावें.

मग निदान. संगणकाची स्मृति, म्हणजे रॅम, ही लिहिण्याच्या मेजासारखी आणि तबकडी ही कपाटासारखी. मेज भरलें कीं कागद पुन्हां पुन्हां कपाटांत ठेवावे व काढावे लागतात, आणि सारा वेळ त्यांतच जातो. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो; प्रोसेसर, स्मृति व तबकडी यांपैकीं कोणावर किती भार आहे, हें तेथें टक्क्यांनीं दिसतें. नांदूरघाटास तबकडीचा आंकडा १०० वरून हलेना, आणि प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ रिकामा बसलेला! दोष यंत्राच्या बुद्धीचा नव्हता. तिला वाट पाहावी लागत होती.

प्रथम बिनखर्चाचे उपाय करावे. यंत्र सुरू होतांच आपण होऊन उठणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादींत असतात. त्यांतील अनावश्यक बंद करावे. विषाणुरोधक दोन असतील तर एकच ठेवावा. ब्राउझरचीं वीस पानें एकदम उघडीं ठेवूं नयेत. 'वेग वाढवितों' म्हणणाऱ्या फुकट कार्यक्रमांच्या वाऱ्यासही उभें राहूं नये. विंडोज १० व ११ मध्यें नुसतें 'शट डाउन' केल्यानें यंत्रणा पुष्कळदां पूर्णपणें ताजी होत नाहीं. 'रीस्टार्ट' केल्यानें होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पंख्यावर धूळ बसते, यंत्र तापतें, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणून वीज तोडून ती धूळ काढावी. मात्र एका वेळीं एकच बदल करावा आणि घड्याळ लावून पाहावें. नाहींतर गुण कशाचा तें कळत नाहीं.

एवढ्यानें भागलें नाहीं तरच पैसा काढावा. फिरत्या तबकडीस एखादी नोंद गांठावयास सुमारें १० सहस्रांश सेकंद लागतात, एस.एस.डी.मध्यें फिरता भागच नसल्यानें तेंच काम एका सहस्रांशाच्याही लहानशा भागांत होतें. जुन्या यंत्रास याहून मोठा गुण देणारें औषध आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यानंतर स्मृति ४ जीबीची ८ करावी.

आणखी एक सावधगिरी. विंडोज १० चें नित्याचें साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांस स्वीकारीत नाहीं. अशा यंत्रांस लिनक्स हा मार्ग आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही त्यांतलीच. या घरींही तोच मार्ग धरला. आधीं दोन प्रती काढल्या, मग नवी एस.एस.डी. बसवून तिच्यावर लिनक्स घातली. जुनी तबकडी न पुसतां कपाटांत ठेवली.

दुसऱ्या दिवशीं चहा गाळून होण्यापूर्वींच यंत्र तयार होतें. सूनबाईंनीं कुलवृत्तांत उघडला. शेवटचें प्रकरण अर्धेंच राहिलें होतें. आजी आठवून सांगूं लागल्या आणि नात टंकूं लागली. आम्ही निघालों तेव्हां चार पानें झालीं होतीं.

यंत्राचा वेग वाढविणें हें साधन होय. त्या वाचलेल्या वेळांत घरांतील कोणतें अर्धें राहिलेलें काम पुरें करावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. वाचकांनीं निदान प्रत काढण्याचें काम तरी आजच उरकावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.