उघडा दर आणि जेवणाऱ्याचा मान

उत्तम खाणावळ कोणती? आमच्या मतें, जेथें अल्प द्रव्याचा मनुष्यहि संकोचावांचून बसतो ती. फ्रान्सांतील साध्या बिस्ट्रोंत हा गुण आढळतो. पदार्थांचे दर दाराबाहेरच लावलेले असतात. १९८७ च्या नियमान्वयें सेवेचें मोलहि त्यांतच धरलेलें असतें. पाव व साध्या पाण्यास निराळे पैसे पडत नाहींत. त्याच जातीच्या, पॅरिस येथें १८९६ सालीं निघालेल्या ‘बुयाँ शार्तिए’ खाणावळींत अनोळखी माणसें एका मेजाशीं बसतात, आणि वाढपी कागदी आच्छादनावरच सर्वांदेखत हिशेब मांडतो. कोणी म्हणेल, स्वस्त अन्नांत रुचि कोठून? परंतु मनांत खिशांतील नाणीं मोजीत खाल्लेलें पक्वान्न तरी गोड कसें लागावें? उघड्या दरानें गरिबाचा मान राहतो, व मानानें मिळालेला साधा घासहि तृप्ति देतो.