पोरगं बिघडलं नाही, पकडलं गेलं आहे



कापसाच्या भावासाठी भरलेल्या सभेत खर्ऱ्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. पण वऱ्हाड-नागपूरकडच्या गावांत सकाळी पानठेल्यापुढे उभे राहून पाहा. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून नेणाऱ्यांत नववी-दहावीची पोरे दिसतात. पहिली पुडी दोस्त फुकट देतो. दुसरी पोरगा मागून घेतो. त्यापुढच्या पुड्यांसाठी तो घरातले सुटे पैसे शोधू लागतो.

मग बाप चार फटके देतो. त्याने खर्रा सुटत नाही, पोरगा लपवायला शिकतो. तंबाखूतले निकोटिन तोंडातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. घटकाभर बरे वाटते, मग ते उतरते आणि मेंदू पुन्हा मागतो. पंधराव्या वर्षी मेंदूची घडण चालूच असते, म्हणून ही मागणी मोठ्या माणसापेक्षा लवकर मूळ धरते. पुडी मिळाली नाही की पोरगा चिडतो, त्याला झोप लागत नाही, पुस्तकात मन लागत नाही. आम्ही म्हणतो, ही मस्ती नव्हे, तलफ आहे. तलफ मारून जात नाही.

नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिच्याने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवले आहे. रोगाची पहिली खूण आपल्या ताटातच दिसते. भाकरीसोबतचा ठेचा पोराला सोसत नाही, तोंडाची आग होते. पुढे गालाच्या आतली कातडी ताठरते आणि जबडा उघडेनासा होतो. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आखडलेले तोंड पूर्ववत होणे कठीण असते.

आता हिशेब करू. दिवसाचे वीस रुपये धरले तर वर्षाचे ७,३०० होतात. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. म्हणजे एका पोराची पुडी घरचा एक क्विंटल कापूस खाते, तोही हमीभाव हाती पडला तर. ज्या क्विंटलसाठी आपण रस्त्यावर बसतो, तो असा ठेल्यावर जातो.

कायदे कमी नाहीत. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांत तर कोणालाच नाही. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तरी पुडी मिळते. सरकारी बंदीच्या भरवशावर पोरे वाचत नाहीत, हे आता उघड आहे. गावानेच उभे राहिले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. एक, गावातल्या बायांनी आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मिळून ठेलेवाल्याला सांगावे की मुलांना पुडी द्यायची नाही. नाही ऐकले तर ग्रामसभेत ठराव आणि ठाण्यात लेखी तक्रार. दोन, निंदणी-वेचणीला आलेल्या पोराच्या हातावर मजुरीसोबत खर्रा ठेवण्याची रीत बंद व्हावी. तीन, सोडू पाहणाऱ्या पोराला घराने साथ द्यावी. पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो, तीन-चार आठवड्यांत तलफ ओसरू लागते. तेवढे दिवस त्याची चिडचिड सोसा, त्याला कामात आणि खेळात गुंतवा. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करून सल्ला फुकट मिळतो. पोरगा पुन्हा घसरला तर पुन्हा सुरुवात करा. पहिल्या पेरणीवर पाऊस फिरला म्हणून आपण शेत पडीक टाकत नाही, दुबार पेरतो.

रास्त भाव मिळवायचा तो पुढच्या पिढीसाठी. ती पिढी धडधाकट राहावी, हाही आपल्याच लढ्याचा भाग आहे.