बोरघाट: थांब्यांवर साठलेला इतिहास

मुंबईहून पुण्याला मोटारीने निघालेले बहुतेक प्रवासी आज द्रुतगती मार्गच धरतात. ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता २००२ साली पूर्ण सुरू झाला आणि दोन शहरांतले अंतर तासांत मोजले जाऊ लागले. ही सोय मोठी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पनवेल, खोपोली, खंडाळा, लोणावळा, वडगाव या वाटेने जाणारा जुना महामार्ग आता केवळ पर्यायी रस्ता समजला जातो. खरे पाहता बोरघाटातून सह्याद्री ओलांडणाऱ्यांच्या दोन हजार वर्षांच्या नोंदी याच वाटेवर आहेत.

कोकणच्या बंदरांतून घाटमाथ्यावर माल चढवणारे व्यापारी याच परिसरातून जात. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह आणि भाजे-बेडशाची लेणी या व्यापारी वाटेच्या आधाराने उभी राहिली. कार्ल्याच्या शिलालेखांत दूरच्या वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाचे यवन दातेही आहेत. त्याच चैत्याच्या दारात एकवीरा आईचे देऊळ आहे आणि कोळी बांधव आजही पालख्या घेऊन तिथे येतात. खोपोलीचा तलाव नाना फडणविसांनी बांधवला. घाट चढण्याआधी माणसांना नि बैलांना पाणी मिळे ते तिथे.

पुढे वडगाव मावळ. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून पुण्यावर चालून आली. महादजी शिंदे यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तिला वडगावला कोंडले आणि इंग्रजांना तह करावा लागला. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावरून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. वडगावात त्याची समाधी आहे. शत्रूच्या पराक्रमाला आपल्या बोलीतले नाव देऊन जपणाऱ्या समाजाचा हा मोठेपणा शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटतो, तो रस्त्याकडेला भेटतो.

चाकांच्या गाड्या घाटातून धावाव्यात म्हणून गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात १८३० साली रस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली. मोठ्या साहेबांची नावे शिलांवर कोरली गेली. रेल्वेच्या कामावर हजारो मजूर खपले, कित्येक पटकीने मेले, त्यांची नावे कुठेच नाहीत. लोकांनी मात्र एक नाव धरून ठेवले. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराला इंग्रजांनी काम झाल्यावर मारून टाकले, अशी कथा आहे. ती रस्त्याची की रेल्वेची, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. पण खोपोलीहून चढताना शिंगरोबाच्या देवळापाशी ट्रकचालक गाडी हळू करतात, नाणे टाकतात आणि मग पुढचे वळण घेतात. सरकारी दप्तराने न ठेवलेली नोंद चालकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली आहे.

लोणावळ्याच्या चिक्कीचे मूळही रेल्वेच्या मजुरांसाठी केलेल्या गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीत आहे, असे तिथले जुने लोक सांगतात. खोपोलीला गाडीचे इंजिन थंड होईपर्यंत वडापाव खाण्याची सवय घाटानेच लावली. लेणी, तलाव, देऊळ, चिक्की, वडापाव हे सारे एका कारणाने जन्मले: चढ अवघड होता, म्हणून माणूस थांबत होता.

आपल्या पिढीने हा चढ सोपा केला. त्यामुळे थांबण्याची गरज संपली आणि थांब्यांचे महत्त्वही आपल्या लेखी उरले नाही. घाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये स्फोटांनी पाडला गेला. वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून लोकांनी त्याला हे नाव दिले होते. त्याचे खांब द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीला अडचणीचे होते, अपघातांची भीती होती, हे कारण खोटे नव्हते. तरीही १९० वर्षांची वास्तू जाताना तिची पुरेशी आठवण मागे राहील अशी सोय आपण केली नाही. रस्ता रुंद करणे आणि रस्त्याचे चरित्र जपणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, फक्त दुसरीसाठी कोणीतरी जबाबदार लागते.

ही जबाबदारी शासनाने घ्यावी. जुन्या महामार्गाला वारसा मार्गाचा दर्जा द्यावा, प्रत्येक ठिकाणी मराठीत नीट माहितीफलक लावावेत आणि यापुढे घाटातली कोणतीही जुनी वास्तू हटवण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे व शिलालेख जतन करणे बंधनकारक करावे. शिंगरोबाची कथा गावोगावच्या वृद्धांकडून आजच नोंदवून घ्यावी.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी पुण्याला जाताना एक तास हाताशी ठेवा, जुन्या रस्त्याने जा आणि मुलांना वडगावला उतरवून इष्टुर फाकड्याची समाधी दाखवा.