'किरकोळ' कोणी ठरवायचं?

बाई आमच्या डोंगरकड्याची असो की मुंबईची, ठाण्यात जाऊन ती सांगते, नवरा रोज मारतो. ठाणे अंमलदार रजिस्टरात लिहितो, 'घरगुती वाद, अदखलपात्र'. झालं काम! अदखलपात्राचा तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत तर दखलपात्र गुन्हेच येतात. म्हणजे तिच्या पाठीवरचे वळ दिल्लीला पोचतच नाहीत, आणि पुन्हा तेच तक्ते आमच्या तोंडावर फेकून म्हणायचं, कुठे आहे छळ?

कायदा काय म्हणतो? १९८३ चं कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ८५. बाईने स्वतः किंवा तिच्या नातेवाइकाने खबर दिली की सासरचा क्रूर छळ दखलपात्रच. मग हे 'किरकोळ' कोणाच्या सोयीचं?

हीच बाई उद्या जिवाचं बरंवाईट करते, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी'. जन्मभर निंदण-खुरपण केलं तरी सातबारा नावावर नाही, म्हणून ती शेतकरी नाही!

बायांनो, एकट्या जाऊ नका. आपल्याच शब्दांत लिहून घ्यायला लावा, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. गुन्हा नोंदला की नक्कल फुकट मिळते. ती हातात घेऊनच उठा.