मिसरीची डबी आणि गर्भवती

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, जेथे शिकवणीवर्गांच्या पाट्यांची दाटी आहे, तेथील सुशिक्षित मराठी गृहस्थही तंबाखूचा प्रश्न पानाच्या टपरीपुरताच मानतात. आणि मध्य प्रदेश सरकारने 2012 च्या एप्रिलात अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सर्वप्रथम गुटखाबंदीचा हुकूम जारी केला, तोही टपरीकडे पाहूनच. (पानमसाला एका पुडीत नि तंबाखू दुसरीत विकण्याची युक्ती व्यापाऱ्यांनी पुढे काढलीच.) परंतु माझी चिंता आहे ती मोरीच्या कोनाड्यातील मिसरीच्या डबीची.

तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू दातांवर घासणे हे दंतमंजन आहे, व्यसन नव्हे, अशी समजूत असल्यामुळे गरोदरपणी मळमळू लागले की बोट अधिकच वेळा डबीत जाते. आणि हिरड्यांवाटे रक्तात उतरलेले निकोटीन वार ओलांडून थेट गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील 1217 गर्भवतींच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची अर्भके सरासरी 105 ग्रॅमने हलकी आढळली. अडीच किलोंच्या काठावरील अर्भकाला ही तूट क्षुल्लक नाही.

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिसरी लावणारी बाई निःशंकपणे ‘नाही’ म्हणते आणि तेच दप्तरी दाखल होते. म्हणून प्रसूतिपूर्व तपासणीत मिसरी, गुल, गुडाखू, जर्दा अशी नावे घेऊनच पृच्छा व्हावी. पृच्छा एकांतात, उपदेश मात्र सासूच्या समक्ष. कारण डबी बहुधा तिच्याच मालकीची असते.